निष्कर्ष आधी लिहायचा नाही

प्रस्तावना

या पुस्तकातले निम्म्याहून अधिक प्रयोग एका पिवळ्या रंगावर उभे आहेत. ओएनपीजी नावाचं एक रंगहीन रसायन आहे. बीटा-गॅलॅक्टोसिडेज हे विकर त्याला भेटलं की त्याचे दोन तुकडे होतात, आणि त्यांतला ऑर्थो-नायट्रोफिनॉल हा तुकडा पिवळा असतो. ई. कोलाय या जीवाणूच्या पेशींत ते विकर किती आहे, हे परीक्षानळीतला पिवळेपणा किती वेळात किती चढला यावरून कळतं. ठरलेल्या मिनिटाला सोडियम कार्बोनेटचं द्रावण घातलं की विकराचं काम तिथेच थांबतं आणि रंग आणखी उठून दिसतो. मग 420 नॅनोमीटरच्या प्रकाशात तो मोजायचा. त्यासाठी महागडं यंत्र लागत नाही. तालुक्याच्या कॉलेजात रसायनशास्त्राच्या कपाटात असतो तो कलरीमीटर निळ्या-जांभळ्या फिल्टरवर ठेवला तरी काम भागतं.

विकर किती आहे हे कळलं, की ते बनवणारं जनुक थोड्या वेळापूर्वी किती जोरात काम करत होतं याचा अंदाज येतो. जनुक दिसत नाही, त्याचं चालू होणं आणि बंद होणं दिसत नाही, पण त्याचा माग रंगातून काढता येतो. जनुक-नियमनाचं जवळजवळ सगळं आरंभीचं ज्ञान अशाच साध्या मोजणीतून आलेलं आहे. तरीही आपल्याकडचा विद्यार्थी या विषयाला प्रथम भेटतो तो आकृतीतून. बारावीच्या पुस्तकात लॅक ऑपेरॉनची आकृती असते: एक आडवी पट्टी, तिच्यावर पी, ओ, झेड, वाय, ए अशी अक्षरं, शेजारी आय, एक गोलाकार रिप्रेसर आणि त्याला येऊन चिकटणारा लॅक्टोजचा छोटा ठिपका. परीक्षेत ती नीट काढली, नावं दिली, की गुण मिळतात. बी.एस्सी.ला तीच आकृती पुन्हा येते, एम.एस्सी.ला आणखी बाणांसह येते. रिप्रेसर नावाचं काहीतरी असलंच पाहिजे असं कोणाला, कशावरून वाटलं, हा प्रश्न या सगळ्या वर्षांत एकदाही पुढे येत नाही.

प्रॅक्टिकलची स्थिती याहून फारशी वेगळी नाही. जर्नलात उद्देश, तत्त्व, साहित्य, कृती, निरीक्षण आणि निष्कर्ष अशी ठरलेली चौकट असते, आणि बहुतेक ठिकाणी पान भरायला सुरुवात होते तेव्हाच निष्कर्ष ठाऊक असतो. मागच्या वर्षीच्या जर्नलात तो असतो, तत्त्वाच्या परिच्छेदातही तो दडलेला असतो. प्रयोगातून वेगळं काही आलं तर विद्यार्थी आपलं निरीक्षण दुरुस्त करतो. मला ही गोष्ट गंभीर वाटते, कारण निरीक्षण दुरुस्त करण्याची सवय एकदा हाताला लागली की ती सुटायला फार त्रास होतो. दोष विद्यार्थ्याचा नाही, आणि मोठी बॅच, एकच वॉटर बाथ आणि संपत आलेलं सत्र यांच्याशी झगडणाऱ्या शिक्षकाचाही नाही. प्रयोगच अशा रीतीने मांडलेला असतो की त्यात विचारण्यासारखं काही उरत नाही. या पुस्तकाने तो वेगळ्या रीतीने मांडायचा प्रयत्न केला आहे. ती रीत का निवडली हे सांगण्यासाठी थोडं मागे जावं लागेल.

1940च्या सुमाराला पॅरिसमध्ये झाक मोनो हा तरुण जीवाणूंच्या वाढीचे आलेख काढत होता. ग्लुकोज आणि लॅक्टोज अशा दोन शर्करा एकत्र दिल्या, तर ई. कोलायची वाढ सरळ वर जात नसे. ती चढे, मध्येच थबके, काही वेळ सपाट राही आणि मग पुन्हा चढे. आधी ग्लुकोज संपे, नंतर लॅक्टोजला हात लागे. मधल्या थांब्याचं कारण त्याने पाश्चर संस्थेतल्या आंद्रे ल्वॉफ यांना विचारलं, तेव्हा विकरांच्या अनुकूलनाशी याचा संबंध असू शकेल असं त्यांनी सुचवलं. मोनोचा प्रबंध 1941 मध्ये पूर्ण झाला. पुढची काही वर्षं जर्मनांच्या ताब्यातल्या फ्रान्समधल्या प्रतिकार-चळवळीत गेली, आणि युद्ध संपल्यावर तो पाश्चर संस्थेत ल्वॉफ यांच्या विभागात आला. आलेखातला तो थांबा मात्र त्याने सोडला नाही.

तिथे पुढच्या दशकात एकेक धागा सुटत गेला. मेल्विन कोन यांच्याबरोबर काम करताना असं दिसलं, की काही रसायनं विकराची निर्मिती सुरू करतात पण विकर त्यांना तोडू शकत नाही, आणि काहींना विकर तोडतं पण त्यांच्यामुळे निर्मिती सुरू होत नाही. म्हणजे चिथावणी देणं आणि विकराचं भक्ष्य होणं या दोन स्वतंत्र गोष्टी होत्या. आज प्रयोगशाळेत सर्रास वापरलं जाणारं आयपीटीजी हे पहिल्या जातीचं रसायन, आणि आपलं ओएनपीजी दुसऱ्या. विद्यार्थ्यांच्या हातात या दोन बाटल्या असतात तेव्हा एका मोठ्या शोधाचे दोन अर्धे भाग त्यांच्या टेबलावर असतात. हे त्यांना सांगायला हवं, पण माझ्या मते पहिल्या दिवशी नव्हे. आयपीटीजीऐवजी ओएनपीजीच चिथावणीसाठी का वापरू नये, असं कोणीतरी विचारेल. तेव्हा सांगावं, किंवा त्याहून चांगलं म्हणजे करून बघू द्यावं.

या सगळ्यातला सर्वांत सुंदर प्रयोग 1958-59चा. आर्थर पार्डी, फ्रान्स्वा झाकोब आणि मोनो यांच्या आडनावांवरून तो पाजामो म्हणून ओळखला जातो. लॅक्टोज असो वा नसो, सतत विकर बनवत राहणारे काही उत्परिवर्ती जीवाणू तेव्हा माहीत होते. त्यांच्यात आय हे जनुक बिघडलेलं होतं. ते आपल्या पेशीतच एखादं चिथावणी देणारं द्रव्य तयार करत असावेत, असा तेव्हाचा तर्क होता, आणि तो अगदी समंजस होता. मग त्यांनी एक संकर घडवला. ज्याच्यात विकर बनवणारं झेड आणि आय ही दोन्ही जनुकं धडधाकट होती त्या नर जीवाणूचा डीएनए, दोन्ही बिघडलेल्या मादी जीवाणूत शिरू दिला. तर्क खरा असता, तर मादीच्या पेशीत चिथावणी आधीपासूनच असल्यामुळे विकर बनायला सुरुवात झाली असती आणि ते बनतच राहिलं असतं. सुरुवात तर झाली, अगदी काही मिनिटांत झाली. पण तास-दीड तासाने ती निर्मिती बंद पडली, आणि बाहेरून चिथावणीचं रसायन घातलं तेव्हाच पुन्हा चालू झाली.

या बंद पडण्यात सगळं आलं. नव्या पेशीत आलेलं चांगलं आय जनुक काहीतरी बनवत होतं, ते हळूहळू साठत होतं आणि पुरेसं साठल्यावर झेडला गप्प करत होतं. चिथावणीचं द्रव्य काम सुरू करत नव्हतं. अडवणाऱ्याला बाजूला सारत होतं. लिओ झिलार्ड या भौतिकशास्त्रज्ञाने अशी दिशा सुचवली होती. झाकोब यांना तर जीवाणूत सुप्त बसलेल्या विषाणूचं कोडंही याच जातीचं आहे हे एका सिनेमागृहात बसलेले असताना उमगलं, असं त्यांनी आत्मचरित्रात लिहिलं आहे. 1961च्या त्यांच्या प्रसिद्ध लेखात रिप्रेसर, ऑपरेटर, ऑपेरॉन हे सगळं एकत्र आलं. 1965चा नोबेल पुरस्कार झाकोब, ल्वॉफ आणि मोनो यांना मिळाला. लक्षात घ्या, तोवर रिप्रेसर कोणी वेगळा करून दाखवलेला नव्हता. ते काम वॉल्टर गिल्बर्ट आणि बेनो म्युलर-हिल यांनी 1966 मध्ये केलं. संकर, उत्परिवर्तनं आणि विकराची मोजणी एवढ्याच बळावर न दिसलेल्या रेणूचं वर्तन आधी सांगितलं गेलं होतं.

आकृतीतून शिकवताना नेमकी हीच गोष्ट हरवते. म्हणून या पुस्तकातला पहिला मोठा प्रयोगसंच आकृती न दाखवता सुरू होतो. विद्यार्थ्यांच्या गटाला ई. कोलायचे पाच वाण मिळतात, फक्त क, ख, ग, घ, च अशा चिठ्ठ्या लावलेले. एक मूळ, निरोगी वाण. बाकीच्या चारांत लॅक विभागात कुठे ना कुठे बिघाड आहे. प्रत्येक वाण तीन प्रकारे वाढवायचा: नुसत्या ग्लिसरॉलवर, ग्लिसरॉलमध्ये लॅक्टोज घालून आणि ग्लिसरॉलमध्ये आयपीटीजी घालून. मग विकर मोजायचं. प्रत्येक गटाला पंधरा आकडे मिळतात, आणि त्या आकड्यांवरून कोणता वाण कशामुळे बिघडला असेल याची कथा रचायची असते.

मूळ वाण ग्लिसरॉलवर जवळजवळ रंगहीन राहतो आणि बाकी दोन्हींत पिवळा होतो. एक वाण तिन्हींत पिवळा होतो. हा बहुतेक गटांना लगेच कळतो आणि आवडतो, कारण तो नियमच पाळत नाही. एक वाण लॅक्टोजमध्ये रंगहीन आणि आयपीटीजीत पिवळा असा येतो, आणि इथे वर्गात पहिली खरी चर्चा पेटते. विकर बनवायची क्षमता तर आहे, मग लॅक्टोज का चालत नाही? लॅक्टोजला पेशीत आणणारं पर्मिएज बिघडलेलं असेल, आणि आयपीटीजी पुरेशा प्रमाणात दिलं तर त्याला या वाहकाची गरज पडत नाही. इथवर विद्यार्थी स्वतः पोचतात. कोणीतरी मधेच हेही विचारतं, की पर्मिएज लॅक्टोज आत आल्यावरच बनत असेल तर पहिला लॅक्टोज आत आला कसा. या प्रश्नासाठी शिक्षकाने आपला ठरलेला तास मोडायला हरकत नाही. जनुक बंद असतं तेव्हाही ते पूर्ण बंद नसतं, अधूनमधून एखादा रेणू बनतच असतो, हे उत्तर त्या प्रश्नातूनच येतं. निरोगी वाणाचा चिथावणीपूर्वीचा आकडा शून्य का येत नाही, एक-दोन युनिट का येतो आणि चिथावणीनंतर हजाराच्या घरात का जातो, याचा अर्थही मग लागतो.

उरलेले दोन वाण तिन्ही नळ्यांत रंगहीन राहतात. एकात झेड जनुकच मोडलेलं आहे. दुसऱ्यात रिप्रेसर असा बदलला आहे की तो चिथावणीच्या रसायनाला दादच देत नाही. आपली पद्धत या दोघांत फरक दाखवू शकत नाही. इथे आम्ही मुद्दाम थांबलो आहोत. पुढे काय करावं हे पुस्तक सांगत नाही. विद्यार्थ्यांनी योजना मांडायची आहे. एखादा गट म्हणतो, धडधाकट लॅक विभाग पेशीत बाहेरून आणून बघू. लॅक विभाग वाहून नेणारा एफ-प्राइम प्लास्मिड असलेला वाण त्यांच्यासाठी ठेवलेला आहे. संकरानंतर मोडक्या झेडचा वाण सुधारतो आणि आयपीटीजीला प्रतिसाद देऊ लागतो. हट्टी रिप्रेसरचा वाण मात्र आलेल्या चांगल्या जनुकांनाही दाबून टाकतो. या क्षणी विद्यार्थ्यांनी पॅरिसमध्ये वापरला गेला तोच युक्तिवाद स्वतः वापरलेला असतो. मूळ लेखाचा उतारा वाचायला द्यायची वेळ हीच, त्याआधी नव्हे.

जेफ्री मिलर यांनी 1972च्या आपल्या प्रयोगपुस्तकात या मोजणीची जी पद्धत दिली, तिच्या एककाला आज मिलर युनिट म्हणतात. तिच्या सूत्रात 1.75 हा आकडा येतो. विद्यार्थी तो गुमान कॅल्क्युलेटरमध्ये घालतात. तो आकडा कुठून आला, हे त्यांनी विचारावं अशी माझी फार इच्छा असते. नळीतल्या पेशी स्वतःच प्रकाश विखुरतात, आणि 420ला होणारं ते विखुरणं 550ला होणाऱ्या विखुरण्याच्या सुमारे पावणेदोन पट असतं. ते वजा करायचं म्हणून हा आकडा. ओएनपीजी न घातलेल्या पेशींची नळी दोन्ही तरंगलांबींवर मोजली, की तो आकडा आपल्या प्रयोगशाळेत, आपल्या यंत्रावर काढता येतो. या पुस्तकात तो एक स्वतंत्र छोटा प्रयोग केला आहे. काहींना तो किरकोळ वाटेल. मला तो फार महत्त्वाचा वाटतो, कारण सूत्रातला आकडा कोणीतरी मोजलेला असतो हे त्यात प्रत्यक्ष हाताला लागतं.

नियमनाला पुस्तकांत बहुधा दिव्याच्या बटणाची उपमा दिलेली असते: चालू किंवा बंद. आयपीटीजीची मात्रा हळूहळू वाढवत नेली तर विद्यार्थ्यांचा आलेख तसा येत नाही. तो सावकाश चढतो. बटणाची उपमा चुकली असं म्हणून मुलं मोकळी होतात. पण ॲरन नोव्हिक आणि मिल्टन वाइनर यांनी 1957 मध्येच दाखवलं होतं, की चिथावणी कमी असते तेव्हा एकेक पेशी जवळजवळ पूर्ण चालू किंवा पूर्ण बंद असते. मात्रा वाढते तशी चालू पेशींची संख्या वाढत जाते. नळीतला पिवळेपणा ही लक्षावधी पेशींची सरासरी आहे. सरासरी सावकाश चढते म्हणून प्रत्येक पेशीही सावकाश चढत असेल, असं मानता येत नाही. हा एक मुद्दा समजला की विद्यार्थी पुढे आयुष्यभर कोणत्याही सरासरीकडे जरा थांबून बघतो.

ग्लुकोजबाबतही असंच. पाठ्यपुस्तकांतलं उत्तर ठरलेलं असतं: ग्लुकोज असताना चक्रीय एएमपी कमी होतो, त्यामुळे सहायक प्रथिन बसत नाही आणि जनुक मंद राहतं. हे खोटं नाही, पण मोनोच्या आलेखातला थांबा एवढ्याने उलगडत नाही. 1990च्या दशकात जपानी संशोधकांनी दाखवलं की त्या थांब्यामागचं मुख्य कारण वेगळं आहे: ग्लुकोज आत येत असताना लॅक्टोजच्या वाहकालाच आडकाठी केली जाते, आणि लॅक्टोज आत आला नाही तर रिप्रेसर हलणार कसा? हे वर्गात तपासता येतं. ग्लुकोजसोबत लॅक्टोज दिलेली नळी आणि ग्लुकोजसोबत आयपीटीजी दिलेली नळी शेजारी ठेवली की दोन्हींतला फरक स्वतःच बोलतो. पाठ्यपुस्तकाच्या पुढे जाणारं काही आपल्या बॅचमध्ये घडू शकतं, हे पाहून विद्यार्थ्यांच्या चेहऱ्यावर जे उमटतं त्यासाठीच मी शिकवत आलो.

प्रश्नाधारित प्रयोगांचा विचार काही आजचा नाही. अमेरिकेत 1958 मध्ये सुरू झालेल्या जीवशास्त्र-अभ्यासक्रम प्रकल्पात जोसेफ श्वाब यांनी हेच मांडलं होतं, की विज्ञान तयार निष्कर्षांची मालिका म्हणून शिकवलं जातं आणि विज्ञान तसं नसतं. प्रश्न, पद्धत आणि उत्तर यांपैकी काय विद्यार्थ्याला द्यायचं आणि काय त्याच्यावर सोपवायचं, यावरून प्रयोगाच्या मोकळेपणाच्या पायऱ्या त्यांनी सुचवल्या. आपल्याजवळ होशंगाबाद जिल्ह्यात 1972 मध्ये 16 शाळांपासून सुरू झालेला विज्ञान शिक्षण कार्यक्रम तीस वर्षं चालला. त्यात टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले वैज्ञानिकही खेड्यातल्या शिक्षकांसोबत बसून साधे प्रयोग घडवत होते. मुंबईत होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राच्या क्यूब या उपक्रमात कॉलेजचे विद्यार्थी फळमाश्या, डॅफ्निया, गांडुळं घरी वाढवून स्वतःचे प्रश्न विचारतात. ही सगळी उदाहरणं आमच्यासमोर होती.

तरीही विद्यार्थ्यांना सामान देऊन मोकळं सोडावं या मताचा मी नाही. संकर कसा करायचा, निर्जंतुकपणे पेशी कशा काढायच्या, पन्नास मायक्रोलिटर म्हणजे किती हे कोणी स्वतः शोधून काढत नसतं, आणि शोधून काढायची गरजही नसते. हात तयार नसला तर चांगल्या प्रश्नाचाही चोथा होतो. आकडे इतके विखुरतात की त्यांतून काही वाचता येत नाही. म्हणून सुरुवातीच्या दोन प्रकरणांत प्रश्न जवळजवळ नाहीत. रंगीत पाण्यावर पिपेट चालवायचा, तीच नळी तीनदा मोजायची, तिन्ही आकडे किती जवळ आले ते बघायचं. यात काटेकोरपणा हवाच, आणि शिक्षकाने तिथे सक्ती केली तरी मला आक्षेप नाही. तंत्र शिस्तीने शिकवावं. त्या तंत्राने काय विचारायचं, हे मात्र विद्यार्थ्याच्या हाती सोडावं. आमच्या सगळ्या प्रकरणांची रचना या विश्वासावर आहे.

दुसरा मोठा प्रयोगसंच आरएनए-हस्तक्षेपाचा, आणि तो निवडण्याचं कारण त्याच्या इतिहासात आहे. 1990च्या सुमाराला पेटुनियाच्या फुलांचा जांभळा रंग गडद करण्यासाठी रंगाच्या जनुकाची जादा प्रत घातली गेली, आणि काही फुलं पांढरी किंवा ठिपकेदार निघाली. 1995 मध्ये गुओ आणि केम्फ्यूस यांनी सी. एलेगन्स या सूत्रकृमीत एक जनुक गप्प करण्यासाठी त्याच्या उलट क्रमाचा आरएनए टोचला, आणि तुलनेसाठी सुलट क्रमाचाही टोचला. सुलट आरएनएने काहीही व्हायला नको होतं. त्यानेही जनुक गप्प झालं. म्हणजे नियंत्रणासाठी ठेवलेली बाजूच ठरलेली कथा मोडत होती. त्यांनी ते निरीक्षण दुरुस्त केलं नाही, जसं दिसलं तसं छापलं. पुढे ॲंड्र्यू फायर आणि क्रेग मेलो यांनी 1998 मध्ये दाखवलं, की खरं काम करणारा दुपदरी आरएनए असतो, आणि त्याचा अंश दोन्ही नमुन्यांत शिरलेला असतो. 2006चं नोबेल त्यांना मिळालं. नियंत्रण-नळी का ठेवायची हे विद्यार्थ्याला समजवायला याहून चांगलं उदाहरण मला ठाऊक नाही.

या संचात सूत्रकृमीला टोचावं लागत नाही. दुपदरी आरएनए बनवणारे ई. कोलाय त्याला खायला घातले की पुरतं. ही युक्तीही 1998चीच. त्या जीवाणूंमध्ये आरएनए बनवणारी यंत्रणा लॅकच्या नियंत्रणाखाली ठेवलेली असते आणि ती सुरू करायला आयपीटीजीच घालतात. पहिल्या संचात ओळख झालेला रिप्रेसर इथे चाकरीला लागलेला दिसतो, आणि आयपीटीजीशिवायची थाळी का हवी हे मग कोणाला सांगावं लागत नाही. अन्क-22 हे जनुक गप्प केलं तर जेमतेम मिलिमीटरभर लांबीचा तो कृमी सूक्ष्मदर्शकाखाली थरथरताना दिसतो. परिणाम किती कृमींत दिसला, किती दिवसांनी दिसला, पुढच्या पिढीत उतरला का, असे प्रश्न मग आपोआप येतात. एक व्यावहारिक सूचना: 27 अंशांच्या वर हे कृमी वंध्य होतात. विदर्भ-मराठवाड्यात मार्चनंतर हा संच करू नये. थंडीच्या सत्रात तो नीट होतो, साडेतीन दिवसांत अंड्यातून प्रौढ कृमी तयार होतो आणि आठवड्याभरात निकाल हाती येतो.

हिरव्या चमकत्या प्रथिनाची तयार किट आता बऱ्याच कॉलेजांत येतात. अरॅबिनोज घातलं की जीवाणू अतिनील प्रकाशात हिरवे दिसतात. दृश्य मोहक आहे, पण सूचनापत्रकाप्रमाणे केलं तर तिथेच संपतं. त्याच थाळीत ग्लुकोजही घालून बघा, एवढा एक बदल आम्ही सुचवला आहे. उलट-प्रतिलेखन पीसीआर आणि 2013 पासून वापरात आलेलं क्रिस्पर-अडथळ्याचं तंत्र यांवर फक्त ओळखीपुरतं लिहिलं आहे. ज्यांच्याकडे ती सोय आहे त्यांना स्वतंत्र पुस्तकं मिळतील.

एक छोटं प्रकरण मात्र मला आग्रहाने हवं होतं. लहानपणी जवळजवळ प्रत्येकाला दूध पचतं, मोठेपणी अनेकांना पचत नाही. लॅक्टेज बनवणारं जनुक दोघांतही शाबूत असतं. ज्यांना पचतं त्यांच्यात शेजारच्या जनुकाच्या आतल्या एका स्थानी एका अक्षराचा फरक असतो आणि त्यामुळे लॅक्टेजचं जनुक प्रौढपणीही चालू राहतं. हाच फरक युरोपात आहे आणि भारतातही आहे. वायव्येकडून दक्षिणेकडे जाताना तो कमी होत जातो. औषधाच्या दुकानात मिळणारी लॅक्टेजची गोळी आणि ग्लुकोज तपासायच्या पट्ट्या एवढ्यावर वर्ग चांगला चालतो. जीवाणूत पाहिलेली गोष्ट आपल्या घरातल्या माणसांतही आहे हे कळायला ते पुरेसं आहे. कोणाला दूध पचतं आणि कोणाला नाही हे मात्र वर्गात जाहीर विचारू नये. ते ज्याचं त्याने आपल्यापाशी ठेवावं.

खर्चाबद्दल विचारलं जाईल. ओएनपीजी आणि आयपीटीजी स्वस्त नाहीत, पण एका नळीला फार थोडं लागतं. आम्ही सगळी प्रमाणं एक मिलिलिटरच्या नळीसाठी दिली आहेत. ऑटोक्लेव्ह बंद असेल तर माध्यम घरच्या प्रेशर कुकरमध्ये निर्जंतुक करता येतं, वीस मिनिटं पुरेशी होतात. पेशींचं पटल सैल करायला क्लोरोफॉर्मचा थेंब लागतो. तो खिडकीजवळच वापरावा आणि बाटली शिक्षकाच्या ताब्यात असावी. सगळे वाण के-12 कुळातले आहेत. निरोगी माणसात ते रोग करत नाहीत, पण म्हणून ते बेसिनमध्ये ओतायचे नाहीत; प्रतिजैविकाला दाद न देण्याची क्षमता देणारे प्लास्मिड असलेले तर मुळीच नाहीत. प्रत्येक नळी ब्लीचमध्ये किंवा ऑटोक्लेव्हमधून गेली पाहिजे, आणि हे काम विद्यार्थ्यांनी स्वतः करायचं आहे, लॅब अटेंडंटवर टाकायचं नाही.

गुणांचा प्रश्न सगळ्यांत अवघड. निकाल पुस्तकाशी जुळला म्हणून गुण दिले, तर आधी लिहिलेलं सगळं वाया जाईल. आमची सूचना अशी, की प्रयोगाआधी विद्यार्थ्याने आपलं भाकीत आणि त्याचं कारण पेनने लिहावं, शिक्षकाने त्याखाली तारखेसह सही करावी, आणि नंतर ते खोडता येऊ नये. गुण भाकीत बरोबर आलं की नाही याला नसावेत. भाकीत चुकलं तेव्हा विद्यार्थ्याने पुढची नळी कोणती लावली, आणि ती का लावली, याला असावेत. परीक्षक बाहेरचे असतील तर त्यांना ही पद्धत आधी कळवावी लागेल. काही जण तयार होतील, काही होणार नाहीत. विद्यापीठाच्या जर्नलाची चौकट मोडायला कोणाला परवानगी मिळेल असं नाही. त्या चौकटीतही एक गोष्ट करता येते. निष्कर्षाचं पान वगळून जर्नल बांधायचं आणि आकडे फळ्यावर सगळ्या गटांनी एकत्र मांडून झाल्यावरच ते पान वाटायचं.

शिक्षकांसाठीची वाणांची किल्ली पुस्तकाला जोडलेली नाही; ती स्वतंत्र लिफाफ्यात येते. क, ख, ग, घ, च ही अक्षरं दर वर्षी बदलावीत, नाहीतर ती दुसऱ्याच वर्षी वरच्या वर्गातून खालच्या वर्गात पोचतात. आणि पहिल्या संचासाठी पेशी आदल्या संध्याकाळी ग्लिसरॉलवर लावाव्यात. ग्लिसरॉलवर त्या सावकाश वाढतात. सकाळी दहाच्या प्रॅक्टिकलला त्या तयार हव्या असतील, तर कोणीतरी सातला येऊन त्यांना ताज्या माध्यमात हलवावं लागतं. हे काम विद्यार्थ्यांपैकी दोघांना पाळीने द्यावं. पेशींची वाढ स्वतः बघितलेल्या गटाचे प्रश्न वेगळे असतात.